उंचीचा हिशोब : सिमल्याहून स्पितीमार्गे मनाली

(माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील व्याख्यान)



नकाशावर सिमला आणि मनाली ही दोन गावे एकमेकांपासून फार दूर दिसत नाहीत. सरळ रस्त्याने गेल्यास ते अंतर अडीचशे किलोमीटरांच्या आसपास भरते आणि एका दिवसात संपते. याच दोन गावांना जोडणारा दुसराही एक रस्ता आहे. तो सतलजच्या काठाने पूर्वेकडे किन्नौरात शिरतो, तिबेटच्या सीमेजवळून उत्तरेकडे वळतो, स्पिती नदीचे खोरे चढत जातो, कुंझुमची खिंड ओलांडतो आणि चंद्रा नदीच्या काठाने लाहौलात उतरून मनालीला येतो. वाटेतले आडफाटे धरून या वळशाची लांबी सुमारे सातशे किलोमीटर होते. मुंबई आणि नागपूर यांना जोडणारा समृद्धी महामार्गही ७०१ किलोमीटरांचाच आहे. तो आठ तासांत पार करता येतो. स्पितीच्या वळशाला दहा-बारा दिवस लागतात. लागू द्यावेत, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. या दोन प्रवासांतील तफावत ज्याला नीट उमगली, त्याची निम्मी आखणी झाली.

अशा सहलीची तयारी बहुतेक ठिकाणी एकाच रीतीने सुरू होते. शाळा सोडून पंचवीस-चाळीस वर्षे झालेला वर्गमित्रांचा एखादा गट पुन्हा एकत्र येतो, कोणीतरी हिमालयाचे नाव काढतो आणि लगेच पाहण्याच्या ठिकाणांची यादी तयार होऊ लागते. चितकुल हवे, ताबो हवे, कीचा मठ हवा, हिक्किमच्या टपाल कार्यालयातून घरी पत्र टाकायला हवे, चंद्रताल तर हवेच हवे. मग रजेचे दिवस मोजले जातात. ते सहा किंवा सात भरतात आणि त्या सात दिवसांत ही सगळी नावे कोंबून बसवली जातात. यादीतील प्रत्येक ठिकाण जाण्याजोगेच असते, त्याबद्दल वाद नाही. त्या कागदावर एक रकाना मात्र हमखास राहून जातो : कोणत्या रात्री किती उंचीवर निजायचे, याचा.

महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई. त्याची उंची १६४६ मीटर. सिमला त्याहूनही पाचशे मीटरांपेक्षा अधिक उंचावर आहे आणि तिथे सहसा कोणाला काही जाणवत नाही. विरळ हवेचा त्रास सामान्यतः २५०० मीटरांच्या पुढे सुरू होतो. सांगला सुमारे २७०० मीटरांवर वसले आहे, कल्पा तीन हजारांच्या किंचित खाली, ताबो सुमारे ३३००, काझा सुमारे ३६५०, आणि कुंझुमची खिंड साडेचार हजारांच्याही वर. हवेतील प्राणवायूचे शेकडा प्रमाण सगळीकडे सारखेच असते. उंचीबरोबर घटतो तो हवेचा दाब. त्यामुळे काझ्यात एका श्वासातून मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या मानाने दोन तृतीयांशाहूनही थोडा कमी भरतो आणि कुंझुमवर तो निम्म्याहून थोडाच अधिक उरतो. शरीर या उणिवेशी जुळवून घेते, परंतु त्यासाठी त्याला दिवस लागतात, त्याहूनही अधिक रात्री लागतात. वैद्यकशास्त्राने याबाबतीत घालून दिलेला संकेत सोपा आहे. तीन हजार मीटरांच्या वर गेल्यानंतर झोपण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटरांहून अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांतून एकदा आदल्याच उंचीवर आणखी एक रात्र काढावी. दिवसा त्याहून वर जाऊन यायला हरकत नाही. निजायला मात्र खाली यावे.

हा संकेत एकदा मान्य केला की पुष्कळ प्रश्न आपोआप सुटतात. प्रवास कोणत्या टोकाकडून सुरू करावा, हा त्यांतील पहिला. मनालीहून निघाल्यास काझा जवळ आहे, सुमारे दोनशे किलोमीटर. रोहतांगच्या खालून गेलेला ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाल्यापासून ३९७८ मीटर उंचीचा रोहतांग ओलांडण्याचे कष्टही उरलेले नाहीत. म्हणूनच घाईतला प्रवासी हाच मार्ग निवडतो. सकाळी दोन हजार मीटरांवर डोळे उघडतात, दुपारी साडेचार हजारांवर छायाचित्रे काढली जातात आणि रात्री ३६५० मीटरांवर अंथरूण पडते. मध्यरात्रीपर्यंत गटातील दोघांचे तरी डोके ठणकू लागलेले असते, कोणाला मळमळ, कोणाला झोपच नाही. दुसरा दिवस खोलीत जातो. सिमल्याच्या बाजूने आल्यास हीच उंची सहा-सात दिवसांत, पायरीपायरीने गाठली जाते. लांबचा रस्ता निवडण्याचे कारण निसर्गसौंदर्य नव्हे. तो रस्ता विलक्षण सुंदर आहे, हा निव्वळ योगायोग समजावा.

काझ्याच्या बाबतीत एक गोष्ट नकाशा पाहूनही चटकन ध्यानात येत नाही. विरळ हवेच्या आजारावरचा खात्रीचा उपाय एकच, तो म्हणजे त्वरेने खाली उतरणे. आता काझ्याहून खाली उतरायचे तर कुठे? मनालीची दिशा धरली तर आधी नऊशे मीटर चढून कुंझुम ओलांडावा लागतो. ज्याला श्वास पुरत नाही, त्याला आणखी वर न्यावे लागते. ताबोच्या दिशेने गेले तर सुमारे पन्नास किलोमीटरांत उंची जेमतेम साडेतीनशे-चारशे मीटरांनी उतरते, आणि तीन हजारांच्या खाली येण्यासाठी थेट किन्नौर गाठावे लागते. काझ्यात सरकारी रुग्णालय आहे आणि तेथील मंडळींना या दुखण्याची सवय आहे, हा आधार खरा. पण खोऱ्यातून बाहेर पडण्याचा सोपा दरवाजा नाही, हे ओळखूनच आत शिरावे. खेळण्याएवढ्या डब्यांतून विकला जाणारा प्राणवायू हा मनाला धीर देण्यापुरता असतो. तो काही मिनिटांत संपतो. रस्ता काही तासांचा असतो.

याच हिशोबाने मुक्काम मांडले तर ते असे पडतात. पहिली रात्र सिमल्याच्या पुढे साठ-पासष्ट किलोमीटरांवर नारकंड्याला काढावी. तेथून रस्ता उतरत उतरत रामपूरला येतो. रामपूर हजार मीटरांच्या आसपास असल्याने तिथे स्वेटर उतरवावे लागतात. सराहनच्या भीमाकाली मंदिरासाठी ज्यांना वाट वाकडी करायची असेल, त्यांनी तिथेच एक रात्र काढणे उत्तम. लाकूड आणि दगड यांचे एकाआड एक थर रचून उभारलेल्या त्या मनोऱ्यांपुढे अर्ध्या तासात काही हाती लागत नाही. कडछमला बास्पा नदी सतलजला मिळते. तिथून उजवीकडे वळून सांगल्यात दोन रात्री. मधल्या दिवशी चितकुलला, म्हणजे सुमारे साडेतीन हजार मीटरांवर, जाऊन यावे आणि झोपायला परत सांगल्यात यावे. नंतर कल्पा, समोर ६०५० मीटरांचा किन्नर कैलास. कल्प्याहून पुढचा टप्पा मोठा आहे. खाबला सतलज सोडून रस्ता स्पितीचा काठ धरतो, वळणे घेत घेत नाकोला चढतो. नाकोचे तळे पाहून बरेच जण तिथेच मुक्काम करतात. तसे करू नये. नाको ताबोपेक्षा साडेतीनशे मीटरांहून अधिक उंच आहे. कल्प्याहून एका दिवसात तिथे निजायला जाणे म्हणजे पाचशेचा नियम मोडणे. नाकोत जेवावे आणि अंधारापूर्वी ताबोला उतरावे. ताबोत दोन रात्री, काझ्यात तीन. काझ्याहून कोमिक, हिक्किम, लांग्झा, की आणि किब्बर ही सगळी गावे दिवसभरात जाऊन येण्याजोगी आहेत आणि सगळी चार हजारांच्या वर आहेत, म्हणून तिथे दिवसा जावे, रात्री नव्हे.

दहा रात्री होतात. अकरावी कुंझुमपलीकडची. बारावी रिकामी.

ही बारावी रात्र सर्वांत आधी छाटली जाते आणि सगळ्या आखणीत तीच सर्वांत मोलाची असते. परतीच्या गाडीचे किंवा विमानाचे तिकीट ज्या दिवसाचे असेल, त्याच्या आदल्या दिवशी मनालीला पोहोचण्याचा बेत ज्याने केला, तो वाटेत एक दरड कोसळली की धोक्याचा रस्ता धरायला तयार होतो. त्याला साहसाची हौस असते असे नाही. त्याच्या खिशात तारीख असलेले तिकीट असते. डोंगरात माणसे हातघाईवर येतात ती बहुधा अशाच कारणांनी.

दरडींविषयी मोघम बोलून चालणार नाही. २५ जुलै २०२१ रोजी सांगला खोऱ्यात बटसेरीजवळ डोंगरावरून सुटलेले दगड पर्यटकांच्या एका वाहनावर येऊन आदळले आणि नऊ जण दगावले. त्यानंतर अवघ्या सतरा दिवसांनी, ११ ऑगस्टला, निगुलसरीपाशी अख्खा कडा राष्ट्रीय महामार्गावर आला. त्याखाली प्रवासी बस आणि इतर वाहने सापडली. पंचवीसहून अधिक माणसे गेली. दोन्ही वेळा वाहन चालवणाऱ्यांची काही चूक नव्हती. महिना मात्र दोन्ही वेळा पावसाळ्याचा होता. स्पिती पर्जन्यछायेत आहे, तिथे पाऊस नसतो, म्हणून जुलै-ऑगस्ट हा स्पितीचा हंगाम असे सांगितले जाते. ते खरे आहे. परंतु सिमल्याकडून स्पितीत जाण्यासाठी किन्नौरातून जावे लागते आणि खालच्या किन्नौरात पाऊस असतो. जुलै आणि ऑगस्ट या दोन महिन्यांत कुटुंबासह या रस्त्याला जाऊ नये, इतके स्पष्ट सांगणेच बरे.

मग जावे केव्हा? कुंझुमची खिंड साधारणपणे मेअखेर किंवा जूनमध्ये उघडते आणि ऑक्टोबरात कधीतरी पुन्हा बंद होते. तारीख बर्फ ठरवतो. पालकांची अडचण अशी की शाळांच्या सुट्ट्यांचा आणि या बर्फाचा मेळ बसत नाही. महाराष्ट्रातील शाळांची उन्हाळी सुट्टी संपत येते तेव्हा खिंड जेमतेम उघडलेली असते; दिवाळीच्या सुट्टीत ती बंद होण्याच्या बेतात असते किंवा झालेली असते. दिल्ली आणि उत्तरेकडील मराठी कुटुंबांना जूनचा उत्तरार्ध मिळतो, त्यांनी तो साधावा. ज्यांची मुले आता मोठी झाली, त्या माजी विद्यार्थ्यांना सप्टेंबरचे शेवटचे दोन आठवडे मोकळे आहेत. तेव्हा किन्नौरात सफरचंदे उतरत असतात, आकाश धुऊन काढल्यासारखे असते. रस्त्यावर सफरचंदांचे ट्रक असतात, तेवढी गैरसोय सोसावी. मे महिन्यातच जायचे असेल तर काझ्यापर्यंत जाऊन आल्या वाटेने सिमल्याला परतण्याचा बेत आधीपासून करावा. एकाच रस्त्याने परत येणे अनेकांना कमीपणाचे वाटते. वस्तुतः दरीचा रस्ता उलट दिशेने पाहिला की वेगळा दिसतो. जाताना पाठीमागे राहिलेली शिखरे येताना समोर असतात.

बर्फाचे वेळापत्रक पाळण्याबाबत किन्नौरला एक जुना मानही आहे. स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक देशात बहुतेक ठिकाणी १९५२च्या आरंभी झाली. पण तोवर किन्नौर बर्फाखाली गेले असते, म्हणून तिथले मतदान कित्येक महिने आधी घेण्यात आले. २५ ऑक्टोबर १९५१ रोजी कल्प्यात मत देणारे श्याम सरन नेगी देशाचे पहिले मतदार म्हणून पुढे ओळखले गेले. ते शाळामास्तर होते. २०२२च्या नोव्हेंबरात, वयाची शंभरी ओलांडल्यावर, त्यांचे निधन झाले. त्याच्या तीनच दिवस आधी त्यांनी टपाली मतपत्रिकेने शेवटचे मत दिले होते. कल्प्याला जाणाऱ्या मुलांना शिखराइतकीच ही गोष्टही सांगण्यासारखी आहे. साऱ्या देशाच्या निवडणुकीला ज्या बर्फापुढे आपली तारीख अलीकडे ओढावी लागली, तिथे एखाद्या कुटुंबाच्या रजेने अडून बसण्यात काय हशील?

वाहनाचा प्रश्न येतो तेव्हा चर्चा बहुधा इंजिनाच्या ताकदीवर आणि चाकांच्या उंचीवर घसरते. जमिनीपासून थोडी उंच असलेली, नुकतीच तपासून घेतलेली कोणतीही धडधाकट गाडी किन्नौरमार्गे काझ्यापर्यंत जाते. सरकारी बसही जाते. स्टेपनीत हवा आहे का, जॅक कोणाला लावता येतो का, हे निघण्यापूर्वी एकदा करून पाहावे. रेकाँग पिओच्या खालचे पोवारी आणि काझा यांच्यामध्ये इंधनाचा भरवसा धरू नये. दोन्ही ठिकाणी टाकी काठोकाठ भरावी. उतारावर पाय ब्रेकवर दाबून ठेवणाऱ्याचे ब्रेक तापतात आणि नेमक्या वेळी दगा देतात. ज्या गिअरात चढ चढला असता, त्याच गिअरात उतार उतरावा, हे घाटातल्या जुन्या चालकांचे शहाणपण इथे अधिकच लागू आहे. अरुंद रस्त्यावर चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची असते. शहरातल्या सवयीचा माणूस उतारावरून हॉर्न वाजवत पुढे घुसतो आणि मग दोन्ही गाड्या कड्याच्या काठावर अडकून पडतात.

मात्र खरा प्रश्न वाहनाचा नसून ते चालवणाऱ्याचा आहे. सह्याद्रीतील घाट वर्षानुवर्षे चालवलेल्या माणसालाही हा रस्ता निराळा वाटतो, कारण आपले घाट तासाभरात संपतात आणि इथला घाट दहा दिवस संपत नाही. १८५०मध्ये लॉर्ड डलहौसीच्या काळात सुरू झालेल्या हिंदुस्थान-तिबेट रस्त्याची आठवण सांगणारा हा मार्ग जागोजाग कातळाच्या पोटात खोदलेला आहे. वर खडकाचे छत आणि खाली कित्येकशे फुटांवर सतलज. तरंड्याला देवीच्या मंदिरापुढे इथला प्रत्येक चालक थांबतो, हात जोडतो आणि मगच पुढे जातो. श्रद्धा असो वा नसो, त्या दोन मिनिटांत इंजिन निवते आणि माणूसही. सोबत स्थानिक चालक असेल तर उत्तमच. पण मग त्याच्या खोलीचा आणि जेवणाचा खर्च अंदाजपत्रकाच्या पहिल्या ओळीत असावा. पर्यटकांनी उबदार खोलीत निजावे आणि ज्याच्या हातांत आठ जिवांची सुकाणू आहे त्याने थंडीत गाडीच्या सीटवर रात्र काढावी, असे दृश्य काझ्यात दुर्मीळ नाही. दुसऱ्या दिवशी कुंझुमच्या वळणांवर त्याचे डोळे मिटू लागले तर दोष कोणाला द्यायचा? स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांनी चालवणारे दोन हात तरी बदलते ठेवावेत. सकाळी सहा-सातला निघावे, अंतर मोजताना तासाला वीस-पंचवीस किलोमीटरच धरावेत आणि सूर्य कड्याआड गेल्यावर चाक फिरवू नये. खोल दरीत तो कड्याआड फार लवकर जातो.

इतक्या सावकाशीत मिळते काय, असे विचारणारेही भेटतात. ताबोचा मठ हे त्याचे चांगले उत्तर आहे. इसवी सन ९९६मध्ये स्थापन झालेला हा मठ बाहेरून पाहिला तर मातीचे बसके ढिगारे वाटतात. ना कळस, ना रंग. घाईतला प्रवासी गाडी सुरू ठेवूनच एक फेरी मारतो आणि निघतो. आत अंधार असतो. छायाचित्रे घेण्यास मनाई आहे, त्यामुळे हातातला फोन निरुपयोगी होतो. पाच मिनिटे उभे राहिले की भिंतीतून बाहेर आलेल्या मूर्ती हळूहळू दिसू लागतात, त्यानंतर त्यांच्या खालची चित्रे, त्यानंतर त्या चित्रांतील निळा रंग. हजार वर्षांपूर्वीच्या हातांचे हे काम १९ जानेवारी १९७५च्या भूकंपातूनही तगून राहिले. डोळे अंधाराला सरावायला वेळ घेतात, तशीच फुप्फुसे विरळ हवेला सरावायला घेतात. ताबोतली दुसरी रात्र दोघांच्याही उपयोगी पडते.

लांग्झ्याला मुलांना न्यावेच. चार हजार मीटरांहून उंच अशा त्या माळरानावर समुद्रातील शंखांचे दगड झालेले अवशेष सापडतात. भारताचा भूखंड आशियाला येऊन भिडण्यापूर्वी इथे टेथिस नावाचा सागर होता, हे भूगोलाच्या पुस्तकातील वाक्य तिथे हातात घेऊन पाहता येते. हातात घ्यावे, पाहावे आणि परत ठेवावे. ते विकायला येणारी पोरे गोड असतात. तरीही विकत घेऊ नये, कारण विकत घेतले की उद्या आणखी खणले जाते.

सामानाबद्दल सगळे काही सांगण्याची गरज नाही, मराठी घरांना सामान बांधायला शिकवावे लागत नाही. एवढेच लक्षात असावे की काझ्याच्या उंचीवर पाणी सुमारे ८८ अंशांनाच उकळते. उघड्या पातेल्यात डाळ कितीही वेळ ठेवली तरी शिजत नाही. स्वयंपाक स्वतः करण्याची हौस असेल तर कुकर बरोबर घ्यावा, नाहीतर मेतकूट, भाजणी आणि चटण्या घेऊन बाकीचे गरम थुक्प्यावर सोपवावे. घरून नेलेली चिवड्याची पाकिटे वर गेल्यावर फुग्यासारखी टम्म फुगतात. ती बिघडलेली नसतात. रोख पैसे जवळ ठेवावेत, कारण फोनवरून पैसे देण्यासाठी आधी फोनला रेंज लागते. स्पिती हे थंड वाळवंट आहे. तिथली वाटाण्याची आणि सातूची शेती बर्फ वितळून आलेल्या पाण्यावर होते आणि पाहुण्याने अंघोळीला मागितलेली दुसरी बादली त्याच पाण्यातून येते. परदेशात स्थायिक झालेल्या आणि परदेशी पारपत्र धारण करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी एक गोष्ट ध्यानी ठेवावी : रेकाँग पिओच्या पुढचा सीमेलगतचा पट्टा ओलांडण्यासाठी त्यांना वेगळा परवाना काढावा लागतो. भारतीय नागरिकांना तो लागत नाही. आठ जणांपैकी एकाच्या कागदासाठी सातजण खोळंबणे, हा पुनर्भेटीचा आनंददायक प्रकार नव्हे.

आता गटातील माणसांविषयी. हृदयाचे किंवा फुप्फुसांचे दुखणे असलेल्यांनी, रक्तदाब आणि मधुमेहाच्या रुग्णांनी आणि गर्भवतींनी आपल्या डॉक्टरांना नुसते 'हिमाचलला जातोय' असे सांगू नये; कोणत्या रात्री किती मीटरांवर, हा कागद त्यांच्यापुढे ठेवावा. उंचीवर घेण्याच्या गोळ्याही त्यांनाच विचारून घ्याव्यात. पहिल्या काही रात्री मद्य आणि झोपेची औषधे वर्ज्य. लहान मुले त्रास शब्दांत सांगत नाहीत. मूल खेळेनासे झाले, जेवेनासे झाले की ते दमले आहे असे समजून झोपवू नये, आधी उंचीची शंका घ्यावी. वडीलधारी मंडळी याच्या उलट वागतात. त्यांना सगळे कळते, पण आपल्यामुळे सगळ्यांची सहल बिघडेल या भयाने ती गप्प बसतात. रात्रभर डोके दुखलेले आजोबा सकाळी 'छान झोप लागली' असे सांगून मफलर गुंडाळतात. म्हणून निघण्यापूर्वीच, घरी, चहा पिताना एक गोष्ट ठरवून टाकावी. गटात एक जण असा असावा, की त्याने 'इथून परत' म्हटले की वाद होणार नाही, मतदान होणार नाही आणि नंतर बारा वर्षे त्यावरून टोमणेही मारले जाणार नाहीत. तो गटातला सर्वांत उत्साही माणूस नसावा. चालताना झोक जाऊ लागला, बोलणे असंबद्ध होऊ लागले, बसल्या जागी धाप लागू लागली किंवा खोकल्यात फेस दिसला, तर रात्र असली तरी उतरायचे असते. एरवीचा रात्री न चालवण्याचा नियम त्या एका प्रसंगी मोडावा लागतो, आणि तो मोडायचा की नाही हे त्याच माणसाने ठरवायचे असते.

शेवटचा टप्पा कुंझुमचा. काझ्याहून सुमारे साठ किलोमीटरांवर लोसर हे खोऱ्यातले शेवटचे गाव. तिथून खिंड चढून बातालला उतरले की पुढे ग्राम्फूपर्यंतचे पन्नासेक किलोमीटर दगडगोट्यांतून, ओढ्यांतून जातात. हे ओढे बर्फाच्या पाण्याचे असल्याने सकाळी घोट्याएवढे असतात आणि दुपारच्या उन्हाबरोबर फुगतात. म्हणून काझ्याहून पहाटेच निघावे. वाटेत चंद्रतालला तंबूत एक रात्र काढण्याचा मोह अनावर असतो. तळ्याची उंची ४२५० मीटरांच्या आसपास आहे. काझ्यात तीन रात्री नीट गेल्या असतील तरच तो मोह पुरवावा. नाहीतर तळे पाहून त्याच दिवशी खाली उतरावे, लाहौलात सिस्सूला मुक्काम करता येतो. २०२३च्या जुलैत अवेळी झालेल्या बर्फवृष्टीने अडीचशेहून अधिक पर्यटक चंद्रतालच्या तंबूंत काही दिवस अडकून पडले होते. जेसीबीने बर्फ बाजूला सारून त्यांना बाहेर काढावे लागले. जुलैत बर्फ पडणार नाही, असे त्यांच्यापैकी प्रत्येकाला घरून निघताना वाटले असणार.

लोसरला पोलीस चौकीत वाहनाची नोंद होते. पलीकडून उतरून आलेले ट्रकचालक तिथेच चहाला थांबलेले असतात. खिंडीची त्या सकाळची खबर फोनवरच्या कोणत्याही नकाशापेक्षा त्यांना अधिक ठाऊक असते. त्यांना विचारावे. त्यांनी मान हलवली नाही तर चहा संपवावा, गाडी वळवावी, काझ्याला टाकी पुन्हा भरावी आणि संध्याकाळपर्यंत ताबो गाठावे. बारावी रात्र हाताशी आहेच. आणखी एक-दोन रात्री लागल्या तरी सिमल्याची वाट माहितीची आहे.